मामाच्या पायातला भाडेकरू

दुखण्यालाही भाडेकरूसारखं वागवणारा घरमालक अख्ख्या पनवेलात एकच, तो म्हणजे माझा मामा. घरच्या जमिनीवर इमारत उभी राहिली तसा तो मिठागरातलं काम सोडून घरमालक झाला, आणि साऱ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा पॅन्टच्या मागच्या खिशात घालून दिवसभर त्यावर बसू लागला. किल्ल्या बुडाखाली असल्या की घर आपलं, हे त्याचं तत्त्वज्ञान. पुढे कमरेतून निघालेली कळ मांडीमागून पोटरीत आणि तिथून थेट अंगठ्यात उतरू लागली, तरी त्याने तिचा राग केला नाही. भाजीवालीलाही सांगायचा, "कमरेत येक खोली दिली होती, आता अंगठ्यापरयंत पसरलाय." लसणाचं तेल झालं, गरम वाळू झाली. तळोज्याच्या कारखान्यातली पाळी संपवून आलेल्या एका भाडेकरूला त्याने पाठीवर उभंही करून पाहिलं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मात्र त्याचं हसू मावळलं. आमच्यात नवरीला मामाने उचलून मांडवात आणायचं असतं. भरतीचं पाणी शाळेच्या वाटेवरच्या बांधावर चढलं की मला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवणारा हाच. घरातली पहिली पदवी माझी. तिच्या वाटेचा बराच भाग मी त्याच्या खांद्यावरून पार केलाय.

हाडांच्या डॉक्टरांनी तपासून ऑपरेशन नको म्हटल्यावर मी त्याला खारघरला कायरोप्रॅक्टर बाईंकडे नेलं. मणक्यापाशी नस दबली की पाय का ठणकतो, हे त्यांनी चित्रावर दाखवलं. मग त्याला कुशीवर निजवून कमरेला नेमका झटका दिला. कट्ट आवाज झाला. "मोडला काय?" मामाने हळूच विचारलं. बाईंनी मागचा खिसा रिकामा करायला सांगितला आणि जुडगा बघून कपाळाला हात लावला. तेव्हापासून जुडगा त्याच्या गळ्यात असतो. मामा जिना चढू लागला की भाडेकरू आधीच सावध होतात.

झटके आणि रोजचे व्यायाम यांनी कळ हळूहळू वर सरकली. "खालचा मजला सोडलान त्यानं," मामा खुशीत सांगे. पण वजन उचलायला बाईंची सक्त मनाई होती.

लग्नादिवशी मांडवाच्या दाराशी तो तरीही गुडघे वाकवून उभा राहिला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, चालतच जाऊ. तो जमलेल्या लोकांकडे बघत राहिला. मग हळूहळू ताठ झाला.

"चल मंग," तो म्हणाला. "आता कुठं पानी हाय?"

बांधही आता राहिला नाही. मी माझी पावलं त्याच्याएवढी लहान केली, आणि गळ्यातल्या किल्ल्या वाजवत मामाने मला मांडवात नेलं.