न पुसलेले कंस

त्या सात दिवसांत मी देवीपुढे कमी आणि मोबाइलपुढे जास्त बसलो, हे आधीच कबूल केलेले बरे.

जहाजावर नोकरी करणारा माझा मुलगा इटलीतल्या एका बंदरात शिडीवरून पडला होता. डोक्याला मार होता. शुद्धीवर आला तरी माणसे ओळखेल का, हे कोणी सांगत नव्हते. कंपनीचा माणूस ‘उपचार चालू आहेत’ यापलीकडे जात नव्हता. मुरुडच्या शाळेत आयुष्यभर भूमिती शिकवलेल्या माणसाचे एवढ्यावर समाधान होणे कठीण. रोज सकाळी गावदेवीपुढे उभा राहून मी एकच मागत होतो, काहीतरी खूण दे.

तिसऱ्या दिवशी अनोळखी परदेशी क्रमांकावरून एका जुन्या चर्चचे छायाचित्र आले. काळ्या-पांढऱ्या संगमरवरी पट्ट्यांचे खांब, त्यांवर टोकदार कमानी. खाली परक्या भाषेत एक ओळ; भाषांतर करून पाहिले तर ‘मुलगा बरा आहे.’ चौथ्या दिवशी भिंतीवरचे माता आणि बालकाचे चित्र आले, पार्श्वभूमी सोनेरी, वस्त्राचा निळा रंग जागोजागी उडालेला. त्यानंतर खलाशांनी नवस फेडताना टांगलेल्या लाकडी पाट्या. प्रत्येकीवर वादळात सापडलेले जहाज रंगवलेले. मुलाचे छायाचित्र मात्र एकही नाही. ही लबाडी आहे, आता बँकेचा तपशील विचारतील, असे मी धरून चाललो. चित्रे मोठी करून खांबांच्या सावल्या तपासल्या. ती वेगवेगळ्या वेळी काढली आहेत, एवढेच सिद्ध झाले. उत्तर न देता मी ती काढून टाकली.

“अहो, देवीकडं रोज खूण मागताय नि आलेली पुसून टाकताय?” सुपारी सोलता सोलता पत्नी म्हणाली.

“ही खूण कशावरून?”

“आणि लबाडी कशावरून? तेवढं बरं पुराव्याशिवाय पटलं तुम्हाला.”

सातव्या दिवशी एका कागदाचे छायाचित्र आले. पेन्सिलीने काढलेली तीच कमान, रेघ थरथरलेली. तिचे दोन्ही कंस टोकाशी थांबले नव्हते. एकमेकांना छेदून पुढे गेले होते आणि तसेच राहू दिले होते. रचनेचे कंस पुसायचे नाहीत, हा माझ्या वर्गाचा नियम. दहावीच्या सराव परीक्षेत ते पुसले म्हणून पोटच्या पोराचे गुण मी कापले होते. मोबाइल पत्नीच्या हातात देऊन मी ओसरीवर बसलो आणि रडलो.

पुढे उलगडा झाला. रुग्णालयाशेजारच्या त्या चर्चची झाडलोट करणारी एक वृद्ध बाई रुग्णांना भेटायला येई. घशात नळी असल्याने मुलाला बोलता येत नव्हते. त्याने कागदावर माझा क्रमांक लिहून दिला. रुग्णांची छायाचित्रे काढायला तिथे मनाई, म्हणून त्याला दाखवायला काढलेली चर्चची चित्रे ती मलाही पाठवत होती.

हा चमत्कार होता का, हे मी ठरवत नाही. कृपा कोणत्या दाराने यावी, हे मात्र मी ठरवून बसलो होतो. ती दुसऱ्याच दाराने आली आणि माझा संशय वाटेत उभा असूनही परत गेली नाही. देवीला हात जोडताना आता त्या बाईलाही जोडतो.

नळी निघाल्यावर मुलाचा फोन आला. घोगऱ्या आवाजात त्याने विचारले, “बाबा, कमान जमली का?”

दोन्ही कंसांची त्रिज्या सारखी नव्हती. शिखर चांगलेच डावीकडे कलले होते.

“अगदी बरोबर,” मी म्हणालो.