रंधाकाकांची शेपटी

रंधाकाकांनी मला फसवले. लाकूडकामात नव्हे; त्यात त्यांच्याइतका सरळ माणूस अख्ख्या नॉटिंगहॅममध्ये नव्हता. फसवले ते गप्प बसण्याचे वचन देऊन.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते माझ्या शेडमध्ये बसून, मी बाजारासाठी आणलेल्या जुन्या वस्तू दुरुस्त करत. हातात कायम रंधा. रोज दुपारी आमचे भांडण ठरलेले. मी तापलो की ते म्हणत, "आण इकडे ते बोलणं, जरा तासून देतो."

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी एका लिलावातून फिनलंडची पेटी उचलली. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायचे लाकडी सामान: हातभर काठ्या, रिळे, आणि मोठ्या माशाला भुलवायला पाण्यात सोडायचा लाकडी मासा. त्याची शेपटी तुटलेली.

"इथे ट्रेंट नदी गोठते कधी?" काका म्हणाले. "घेणार कोण, तुझा सासरा?"

केंब्रिजचा एक हौशी प्राध्यापक मी हेरून ठेवला होता. "जोड दिसता कामा नये," मी बजावले.

"लपवायला मी काय चोरी केलीय?"

हे नेहमीचेच. जोडाचे लाकूड ते मुद्दाम फिकट ठेवत. मी दोन दिवस गळ घातली, तेव्हा कुठे ते गळाला लागले. चहाच्या पाण्याने रंगवलेली शेपटी अशी बसली की मलाच जोड सापडेना.

"आणि त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही."

"नाही उघडत, लेका."

प्राध्यापक आला तो नेमका खंडेनवमीला. काकांनी सकाळीच हत्यारांची पूजा मांडली होती. करवतीशेजारी फिनलंडचा मासाही, कपाळाला हळदकुंकू लावून.

"हे लाल काय?" प्राध्यापकाने विचारले.

"तिकडच्या कोळ्यांची जुनी प्रथा," मी सांगून मोकळा झालो.

काका उठले. "नो, सर. माय कस्टम. टुडे टूल्स ऑन हॉलिडे. अँड टेल इज ऑल्सो माइन."

प्राध्यापकाने आधी काकांच्या पाठीमागे पाहिले, मग माशाकडे. मग इतका हसला की त्याला स्टूल द्यावे लागले.

मासा त्याने घेतला नाही. काकांना घेतले. मोडक्या वस्तूंनी त्याचे घर भरले होते आणि जोड न लपवणारा माणूस त्याला हवा होता. काकांची मुलगीही केंब्रिजलाच. महिन्याभरात काका निघाले. जाताना म्हणाले, "खंडेनवमीला खोटं बोललास. हत्यारं ऐकत होती."

पुढे काका तिकडेच वारले. प्राध्यापक हयात आहेत. केंब्रिजमध्ये रोज दुपारी काकांशी भांडायला कोण होते, हे त्यांनी मला लेखी कळवावे.