तळ्याकाठी हाक मारायची नाही

पक्षी बघायला गेलं की तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. केला नवऱ्याने, पाळायचा मी. मंडीदीपच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून यांना पाखरांशिवाय दुसरं काही सुचत नाही. दिवाळीत हृदयात स्टेंट बसली. डॉक्टर म्हणाले, ‘‘अंकल, आराम कीजिए.’’ यांनी मान डोलावली आणि फाल्गुन लागताच दुर्बीण पुसायला घेतली. चक्रवाक आता उत्तरेला परत निघणार, त्याआधी एकदा बघायचेच म्हणे. हट्टापुढे कोणाचं काय चालतं? शाहपुऱ्याहून पहाटे मीच गाडी काढली.

बड्या तालाबाचं पाणी मागे हटलं होतं. काठाला नुसता चिखल, पलीकडे उथळ पाण्यात केशरी चक्रवाकांचा मोठा थवा.

‘‘तू इथेच बस. मी जरा पुढे जाऊन येतो.’’

‘‘अहो, घसराल.’’

‘‘अगं, हळू बोल.’’

मोबाईल माझ्या पर्समध्ये टाकून हे गेले. वाजला तर पक्षी बिचकतात ना.

चिखलातल्या एका उंचवट्यावर हे बसले. मी म्हटलं, बरं झालं, दम खातायत. पण बराच वेळ झाला तरी दुर्बीण डोळ्यांना लागेना, मांडीवरच पडलेली. मी हात हलवला. यांचं लक्ष नाही. हाक मारावी, तर थवा उडणार. आणि यांना काही झालेलं नसलं तर आठ दिवस अबोला. मग मी चपला काढल्या आणि चिखलातून पाय न वाजवता निघाले. जीव टांगणीला लागलाय आणि मी चोरासारखी चालतेय!

जवळ गेले तर यांचा शर्ट पाठीला चिकटलेला दिसला. सकाळच्या गारव्यात एवढा घाम?

‘‘अहो!’’ मी जिवाच्या आकांताने ओरडले.

अख्खा थवा उठला. ज्यांच्यासाठी इतका आटापिटा केला, ते कलकलाट करत आमच्या डोक्यावरून गेले. यांनी मान वर केली नाही.

यांचा हात छातीवर होता. मी पर्समधली गोळी यांच्या जिभेखाली ठेवली आणि आरडाओरडा केला. शेतातले दोघे धावत आले, त्यांनी यांना उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी यांना बोलण्याइतकं बरं वाटलं, तेव्हा मी विचारलं, ‘‘दुखत कधीपासून होतं?’’

‘‘बसलो तेव्हापासून.’’

‘‘मग हाक का नाही मारलीत?’’

‘‘उडाले असते ना सगळे.’’

इतक्या सहज म्हणाले की संतापाने मला रडूच फुटलं. नर्स लगबगीने आली. ‘‘आंटीजी, धीरे. बाकी पेशंट सो रहे हैं.’’

मी मुळीच हळू रडले नाही.