जीपवाली मावशी

प्रार्थनेच्या वेळी सगळी मंडळी डोळे मिटायची. जीपवाल्या मावशी उघडे ठेवायच्या. नुसते उघडे नव्हे, तर पुढून दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका माणसाच्या मानेवर रोखलेले. पाळकसाहेब आजाऱ्यांसाठी, विधवांसाठी, परगावी असलेल्यांसाठी विनंती करत असायचे आणि मावशी त्या मानेकडे बघत असायच्या. त्या माणसालाही ते कळत असावं. डोक्यावर पंखा गरगरत असतानाही तो रुमालाने मान पुसत राहायचा. मला हे सगळं दिसलं, म्हणजे माझेही डोळे उघडे होते, हे उघडच आहे. पण मी तेव्हा लग्न होऊन बोईसरला नवीन आले होते, आणि नव्या सुनेला प्रार्थनेपेक्षा माणसं बघायची हौस जास्त असते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमची ख्रिस्ती मंडळी लहान. बरेचसे नगरकडचे, अणुवीज केंद्रात किंवा नव्या कारखान्यांत लागलेले; काही केरळचे वेल्डर, त्यांच्याशी हिंदीत बोलायचं. स्टेशनजवळच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये उपासना व्हायची. मावशी मूळच्या नगरच्याच. इथल्या एका प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. बुटक्या, रुंद हाडाच्या, नेहमी पांढरी सुती साडी आणि पायात पुरुषी सँडल. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, ते डोंगरातल्या पाड्यांवर जाऊन मुलांना अक्षरं शिकवायचे आणि संध्याकाळी येशूचं शुभवर्तमान सांगायचे. मी आले तेव्हा गुरुजी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्यांचं काम मावशींनी उचललं होतं.

त्या कामाला आम्ही डोंगरफेरी म्हणायचो. भाताची कापणी आटोपली की पाड्यांवरची माणसं पोरंबाळं घेऊन वीटभट्ट्यांवर कामाला जायची, घरांना कुडाची दारं लावून. त्याआधी फेरी झाली पाहिजे. बेटेगाव मागे टाकून हमरस्ता ओलांडायचा आणि मनोरच्या पुढे जिथपर्यंत चाक जाईल तिथपर्यंत जायचं. सोबत खरजेचं मलम, तापाच्या गोळ्या, साबण, कपडे, पाट्या, एक पेटी आणि एक ढोलकी. मावशींचा नियम होता, "मलम आधी, गाणं मागाहून. आणि ज्याला गाणं नको, त्यालाही मलम."

फेरीच्या महिनाभर आधीपासून मावशींचं घर म्हणजे कपड्यांचं गोदाम व्हायचं. आलेला प्रत्येक कपडा त्या उजेडात धरून बघायच्या. तुटकं बटण, उसवलेली शिवण दिसली की तो कपडा आमच्या मांडीवर येऊन पडायचा. एकदा अणुवीज केंद्राच्या वसाहतीतल्या एका साहेबांच्या बायकोने स्वेटर पाठवला. कोपरं फाटलेली, पुढे हळदीचा मोठा डाग. मी म्हटलं, "जाऊ द्या मावशी, पोछ्याला होईल." मावशींनी तो घडी घालून बाजूला ठेवला. पुढच्या रविवारी तोच स्वेटर घालून त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. बोईसरला नोव्हेंबरात स्वेटर लागत नाही. घामाने डबडबल्या होत्या. उपासना संपल्यावर भेटेल त्याला सांगत सुटल्या, "यांनी दिला हो. फार ऊब आहे." दुसऱ्या दिवशी साहेबांच्या घरून नव्या चादरींचा गठ्ठा आला.

लोकांना कामाला लावायची त्यांची रीत अशीच होती. पाळकसाहेब गोड बोलून आवाहन करायचे, ते ऐकून लोक माना डोलवून घरी जायचे. मावशी मात्र दारात उभ्या राहायच्या. "देवाच्या नावाने मागायची मला लाज नाही. तुम्हाला नाही म्हणायची लाज वाटते का, तेवढं बघू." थॉमस नावाचा वेल्डर होता, त्याला रविवारी ओव्हरटाइम असायचा. त्याने एकदा सांगून पाहिलं, "आंटी, इस बार नहीं होगा." मावशी म्हणाल्या, "ठीक आहे. तू तुझ्या आईला पत्र लिही की मला गरिबांसाठी वेळ नाही. मी पाकिटावर तिकीट लावते." थॉमस आला, आणि दरवर्षी येत राहिला.

पण खरी तयारी एकाच वाक्याची असायची. उपासनेनंतर सूचना व्हायच्या, त्यात शेवटी मावशी उभ्या राहायच्या आणि पुढून दुसऱ्या बाकाला विचारायच्या, "शांतवनराव, जीप चालू आहे ना?"

शांतवनराव म्हणजे तीच ती मान. बांधकामाचे ठेकेदार, मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांपैकी एक, आमच्यात जीप असलेले एकटेच. ते उठून म्हणायचे, "आहे, मावशी. आपलीच समजा." लोक कौतुकाने बघायचे. पहिल्या वर्षी मावशींनी नुसती जीप मागितली होती. दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, ड्रायव्हर नको, तुम्हीच चालवा. मग डिझेल, मग तांदळाचं पोतं, मग ते पोतं त्यांच्याच पाठीवरून पाड्यापर्यंत. शांतवनराव कशालाच नाही म्हणत नसत. लोक म्हणायचे, काय सेवाभावी माणूस आहे! मीही तसंच म्हणाले, मावशींसमोर, कपड्यांच्या घड्या घालताना.

मावशींच्या हातातला सदरा तसाच राहिला. मग त्यांनी मला गुरुजींची गोष्ट सांगितली.

कापणीच्याच दिवसांत पाड्यावर गुरुजींना साप चावला. पाड्यावरच्या माणसांनी बांबूला घोंगडी बांधून त्यांना खांद्यावरून खाली आणलं, वाटेत एका ट्रकवाल्याच्या पाया पडून बोईसरला पोचवलं. दुपार टळली होती. पालघरच्या दवाखान्यात नेलं असतं तर आशा होती, पण तिकडची गाडी नुकतीच निघून गेली होती. मावशी अनवाणी शांतवनरावांच्या दारी धावल्या. ते ओट्यावर चहा पीत होते. म्हणाले, "काय करू मावशी, जीप बंद आहे. बॅटरी उतरलीय. चालू असती तर मी स्वतः नसतो का आलो?" जीप अंगणातच ताडपत्रीखाली उभी होती. मावशींनी विश्वास ठेवला. बैलगाडी मिळाली. वाटेत, उमरोळीच्या अलीकडेच, गुरुजींनी मान टाकली.

"दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आंघोळ घालत होते," मावशी म्हणाल्या, "आणि दारावरून जीप गेली. मुंबईचे पाहुणे भरलेले, टपावर चटया बांधलेल्या. केळव्याला समुद्रावर निघाले होते. सीटांना नवे पांढरे अभ्रे होते."

"तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर लोकांनी आठवडाभर थुंकलं असतं त्याच्यावर. मग पाळकसाहेबांनी क्षमेवर प्रवचन केलं असतं आणि तो मोकळा झाला असता. मला त्याला मोकळं सोडायचं नाही, पोरी. लोक त्याला चांगला म्हणतात ना? म्हणू देत. त्याला मी देऊ शकते अशी दुसरी कुठलीच शिक्षा एवढी टोचणार नाही."

त्यानंतर मी डोंगरफेरीला गेले की वेगळ्याच नजरेने बघू लागले. खरजेने चिघळलेली मुलं, रक्ताने भरलेली बाळंतीण, ओकाऱ्या काढणारा म्हातारा, ज्याला ज्याला खाली न्यायचं त्याला मावशी पुढच्या सीटवर बसवायच्या. शांतवनरावांनी एकदा मागे गोणपाट अंथरलं होतं. मावशींनी ते काढून फेकलं. "माणूस आहे, सिमेंट नव्हे. अभ्रे धुता येतात." परत निघेपर्यंत जीपची चावी मावशींच्या कमरेला असायची, शांतवनरावांनी मध्येच कामाचं निमित्त काढून सटकू नये म्हणून. मला कबूल केलं पाहिजे, त्यांची ती पोत्याखाली वाकलेली पाठ बघून मला बरं वाटायचं. क्षमेची गाणी म्हणतानासुद्धा बरं वाटायचं.

एके वर्षी ते मावशींच्या घरी आले. मी आत मलमाच्या डब्या भरत होते. म्हणाले, "मावशी, जीप मंडळीच्या नावावर करून देतो. कायमची. थॉमस चालवेल. मला आता यातून सोडा."

"जीप नको," मावशी म्हणाल्या. "जीप काय, कोणीही देईल. मला तुम्ही पाहिजे."

पाळकसाहेबांना आत काहीतरी धुमसतंय एवढं कळत असावं. ते मावशींना म्हणाले, "मनातलं प्रभूच्या पायाशी ठेवा." मावशींनी शांतपणे उत्तर दिलं, "क्षमेचं खातं प्रभूकडे आहे, पाळकसाहेब. डिझेलचं माझ्याकडे."

मग ती फेरी आली. चढणीच्या पाड्यावर शांतवनराव तांदळाचं पोतं घेऊन चढत होते. अंगणात येऊन त्यांनी पोतं टाकलं, छातीवर हात दाबला आणि कुडाला टेकून खाली बसले. ओठ निळे पडले होते. मावशींनी नाडी धरली आणि त्यांना लगेच समजलं. थॉमस धावत आला. "आंटी, चाबी दो. जल्दी!"

चावी मावशींच्या कमरेला होती. त्यांनी हात तिकडे नेला आणि तो तिथेच थांबला.

शांतवनराव वर बघत होते. "मावशी," ते म्हणाले, "जीप चालू होती तेव्हा."

"माहीत आहे."

"पाहुणे यायचे होते. सीट खराब होईल म्हणून..."

"तेही माहीत आहे."

आम्ही सगळे उभे होतो. मी मावशींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला खरोखर भीती वाटली, कारण त्यावर घाई नव्हती. ज्या घरापुढे हे चाललं होतं तिथली म्हातारी पुढे आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. म्हणाली, "बाय, तू उभी कशाला हायस? मानूस चाललाय तो."

मावशींनी तिच्याकडे बघितलं. मग चावी सोडवून थॉमसच्या हातात दिली.

पालघरपर्यंत शांतवनरावांचं डोकं मावशींच्या मांडीवर होतं. मी मागे बसले होते. रस्ता खडबडीत, जीप उधळत होती, आणि मावशी त्यांच्या कानाशी वाकून दात आवळून बोलत होत्या, "मरायचं नाही. समजलं? माझी परवानगी नाही. ते मेले, तुम्ही जगायचं. एवढ्यात सुटका नाही तुमची." एखादी बाई नवऱ्यालाही धरून ठेवणार नाही इतक्या हट्टाने त्यांनी त्या माणसाला धरून ठेवलं होतं.

डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. शांतवनरावांची बायको माकुणसारला माहेरी गेली होती, ती धावत आली आणि मावशींच्या पायांवर पडली. मावशींनी पाय मागे घेतले. "पाया पडू नका, बाई. मी पुण्य केलेलं नाही."

बरे झाल्यावर शांतवनराव एका रविवारी उठले आणि सगळं सांगितलं: बॅटरी, पाहुणे, अभ्रे. त्यांच्या बायकोने पदराने तोंड झाकलं. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले; त्यांनी मावशींना पुढे बोलावलं आणि दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यायला गेले. मावशींनी हात पाठीमागे बांधले. "पुढच्या वेळी दोन खेपा लागतील," त्या म्हणाल्या. "शांतवनराव, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली असेल तर शेजारी बसा. पण या." लोकांना ते फार कठोर वाटलं. काही जण मावशींशी बोलेनासे झाले. पण फेरीला त्या वर्षी कधी नव्हे इतकी माणसं आली, आणि शांतवनरावही आले. त्यांच्याशी बोलायला कोणी फारसं जात नव्हतं. ते पाड्यावरच्या मुलांना मलम लावत बसले होते, एकेका बोटाच्या बेचक्यात, सावकाश.

नव्वदच्या सुमारास मावशींचे गुडघे गेले आणि त्या नगरला बहिणीकडे राहायला निघाल्या. बोईसर स्टेशनवर ट्रंक शांतवनरावांनीच उतरवली, थॉमसला हात लावू दिला नाही. मग ते लांब जाऊन पाण्याच्या नळाजवळ उभे राहिले. मी मावशींना शेवटी विचारलंच, "आता तरी माफ केलंत ना त्यांना?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "आणि बरं झालं नाही केलं ते. माफ करून मी घरी रडत बसले असते, तर त्या पाड्यांवर कोण गेलं असतं?"

गाडी आली. त्या खिडकीत बसल्या, मला पुन्हा एकदा खरजेच्या मलमाचं प्रमाण सांगितलं, आणि शांतवनरावांकडे एकदाही न बघता गेल्या. ते मात्र डबा दिसेनासा होईपर्यंत उभे होते.

पुढे वर्षभरातच त्या वारल्याचं नगरहून कळलं. डोंगरफेरी आता माझ्याकडे आली आहे. दरवर्षी कापणी जवळ आली की मी दारोदार फिरते, गोड बोलते, हात जोडते, आणि लोक माना डोलवून घरी जातात. चार माणसं जमवताना माझा जीव मेटाकुटीला येतो. माझं कोणाशी वैर नाही, हीच अडचण आहे.