शिंगांची अ‍ॅम्बॅसिडर

आधी शपथ घ्या की हसणार नाही. आणि हे आमच्या बाबांच्या कानावर घालणार नाही. घेतली? मग ऐका.

मी मुळातच भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी हातातला ब्रश उडतो. आणि काम काय करते, तर मोटारींवर नक्षी काढते! चित्रकलेचा डिप्लोमा झाल्यावर प्रताप नगरातल्या गुलाबमिस्त्रींच्या गॅरेजात जायला लागले. कुणाच्या दारावर वेलबुट्टी, कुणाच्या डिकीवर मोर. बाबांची एकच अट होती, "कामाबद्दल एक तक्रार घरी आली, की ब्रश माळ्यावर आणि तू टायपिंगच्या क्लासात."

टायपिंग! त्या खडखडाटानंच मी मेले असते हो.

तर पोळ्याच्या चार दिवस आधी सावनेरचे एक पाटील पांढरी अ‍ॅम्बॅसिडर घेऊन आले. मिशा अशा, की मी न विचारताच दोन पावलं मागे सरले.

"यंदा बैलजोडी विकली अन् हे गाडी घेतली," पाटील म्हणाले. "आता पोळ्यात तोरणाखाली काय उभं करू, मले सांग? हिलेच सजव. माह्या ढवळ्यासारखी दिसली पाहिजे!"

सजवली! बॉनेटवर बाशिंग, दिव्यांच्या वर वळणदार लाल शिंगं, दोन्ही बाजूंच्या दारांवर झूल, टपावर ठिपके. पुढच्या बंपरला पितळी घुंगरांची माळ बांधली. आणि रंग कुठला? अस्सल ऑइलपेंट! दोन हात, वरून वॉर्निश. काम टिकाऊ हवं, असं कॉलेजात शिकवलं होतं ना!

आता तुम्हीच सांगा, पोळ्याचा रंग किती दिवसांचा? दुसऱ्या दिवशी बैल नदीवर नेला, चार बादल्या ओतल्या, संपलं. हे सावनेरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण मला कुणी सांगितलं नाही, आणि यात सांगायचं काय, असं पाटलांना वाटलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजात पाऊल टाकते न टाकते, तोच मिस्त्री धावत आले.

"काय लावलं वं बाई त्या गाडीले? पाटील तुले शोधून राहिला!"

"क... काहून?"

"रंग निघून नाही राहिला म्हणते. सकाळी दोन गडी लावून नदीवर घासली. चहा प्यायले गेला, येईलच आता. हातात काठी हाय."

काठी! तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "मिस्त्री, आली का ते पोट्टी?"

कोपऱ्यात ताडपत्री टाकलेली कुठलीशी मोटार उभी होती. ताडपत्रीचं टोक उचललं, डोळे मिटूनच दार उघडलं आणि मागच्या सीटवर धप्पकन बसले. खाली काहीतरी मऊ आणि कोमट लागलं. असू दे! जीव महत्त्वाचा.

"आत्ता तं होती इथं," मिस्त्री म्हणाले.

"पळाली? मी नाही सोडत तिले. घरचा पत्ता दे गा. तिच्या बापालेच भेटतो!"

बापाले! डोळ्यांसमोर टायपिंगचं मशीन उभं राहिलं. मी थरथरायला लागले. माझ्याबरोबर सीट थरथरली, सीटबरोबर मोटार, आणि पुढून आवाज आला, छुम्... छुम्... छुम्...

घुंगरं! ओळखीची! का नसणार? मीच बांधली होती!

सर्रकन ताडपत्री निघाली. काचेतून आधी मिशा दिसल्या, मग काठी.

"बाबांना सांगू नका!" मी किंचाळले. "रंग मी काढून देते! नखांनी खरवडते!"

"बाप्पा! हिच्यातच बसून राहिली!" पाटील मागे सरले. म्हणजे बघा, ते मला घाबरले! "गर्दी जमली म्हणून हे झाकून ठेवली, तं तू आत! अवं, काहून काढतं रंग? सकाळी तापलो होतो मी, खोटं काहून बोलू. पण घरी मंडळी म्हणाली, अहो, राहू द्या, ढवळ्या घरी आल्यासारखा वाटते."

"मग... काठी?"

"गुडघा दुखते माहा."

"आणि बाबांना कशाला भेटता?"

"तू भेटली नसती तं कोणाजवळ देऊ? मंडळीनं पुरणपोळ्या धाडल्या तुह्यासाठी. बैल सजवणाऱ्याले उपाशी नाही ठेवत आम्ही. इथंच तं ठेवल्या होत्या, मागच्या सीटवर, फडक्यात..."

मिस्त्री छताकडे बघायला लागले.

मी हळूहळू उठले. फडक्यातून चारही बाजूंनी पुरण बाहेर आलं होतं, आणि तुपाचा नकाशा माझ्या साडीवर उमटला होता.

पाटलांनी काठीच्या टोकानं फडकं उचलून पाहिलं. मग म्हणाले, "रंगाची तक्रार नाही वं माही. पोळ्यांची हाय. ते सावनेरले येऊन मंडळीले तूच सांग."

बाबांची अट कामाबद्दल होती, पोळ्यांबद्दल नव्हती, म्हणून माझा ब्रश वाचला. भीती काही गेली नाही. कुणी ओरडलं की मी अजूनही लपते. फक्त आता बसण्याआधी खाली बघते.