गिधाडांच्या पाच वह्या

तंजावूरच्या मोठ्या देवळाच्या शिखराभोवती काही घिरट्या घालताना दिसलं की शेजारचे मामा डोळ्यांवर आडवा हात धरून थांबत. मग म्हणत, "घार. चला पुढं." तुम्ही बरोबर असता तर तुम्हालाही वाटलं असतं, त्या घारीनंच काहीतरी गुन्हा केलाय.

डोंगरात गिधाडांचं एक दोन खोल्यांचं म्युझियम आहे. तिथे ते राखणदार होते. निवृत्त होऊन तंजावूरला आमच्या शेजारी राहायला आले. मी त्यांना मामा म्हणे. कड्यावरची घरटी वर्षानुवर्षं पाहून त्यांनी पाच वह्या भरल्या होत्या. मराठी आपली घरची, अक्षरं तमिळ. आम्ही इकडचे मराठी लोक सगळे तसंच लिहितो, त्यात काही वावगं आहे हे आमच्या ध्यानातही येत नाही.

म्युझियम नव्यानं मांडायचं ठरलं आणि वह्यांची मागणी आली. मामा हौसेनं घेऊन गेले, तशाच परत घेऊन आले.

"वाचतात अस्की जण, सगळेच; कळत कोणालाच नाही!" म्हणून हसले.

तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं, तमिळमध्ये करून द्या. मामांना मोतीबिंदू, स्वतःचंच अक्षर दिसेना. "तू वाचून लिही. अडलं तर मी आहे. दीपावळीच्या आत पाहिजे रे."

"त्यात काय मामा, दोन रविवारांचं काम!"

आमच्या घरात गोष्टी सांगायला मी पुढं. कामाचं विचारू नका. दर रविवारी मामा वह्या काखेत धरून येत. मी कॉफी देई आणि एखादी गोष्ट सुरू करी. ते पोट धरून हसत. बाराला बायको आतून विचारी, "ओ, त्यांचं लिहून झालं का?" मग मामाच उठत. "असू दे. पुढल्या रविवारी."

एकदाच एक पान केलं. 'आज मादी आली नाही. नर बसून आहे.' ओळीनं बारा दिवस तेच वाक्य.

"मामा, हे एकदाच लिहू या?"

ते हसले नाहीत. "तो बारा दिवस बसला होता."

दीपावळीच्या आधीच मामा गेले. वह्या माझ्याकडे राहिल्या.

यंदा मुलीला घेऊन म्युझियमला गेलो. कड्याच्या मोठ्या फोटोखाली तमिळमध्ये पाटी होती. मुलीनं मोठ्यानं वाचली: या कड्याच्या जुन्या नोंदी कोणी ठेवल्या नाहीत.

"अप्पा, त्या तर आपल्या कपाटात आहेत न?"

"चल, बस चुकेल," मी म्हटलं.

बस यायला अजून तास होता.