झाडलेलं रान

आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की आधी केरसुणी हातात घेतात. अंगण, ओटा, गोठा, सगळं लख्ख. याच सवयीनं आमचं वाटोळं केलं, आणि मी शहाणी बघत उभी राहिले.

वणीच्या रस्त्याला आमचा मळा आहे. टोमॅटो, कोबी, थोडा झेंडू. सासरे सांगायचे, त्यांच्या तरुणपणी शेतीचा परदेशाशी संबंध म्हणजे पोस्टानं आलेली बियांची पुडी आणि सोबत एक पत्र. ते वाचून दाखवायला गावातले मास्तर यायचे. आता तिकडची माणसं मोबाईलवर दिसतात आणि विचारतात, माती किती ओली आहे. हवामान बिघडत चाललंय, तेव्हा कडक ऊन सोसेल अशी शेती शोधायची, असा दोन देशांचा मिळून कार्यक्रम होता. त्यात आमचा विहिरीजवळचा तुकडा घेतला होता. नियम सोपा. नांगरायचं नाही, मक्याची धांडं, पाला काढायचा नाही, जाळायचा तर मुळीच नाही. सगळं मातीवर पसरून ठेवायचं आणि त्यातच रोपं लावायची, म्हणजे खाली ओल टिकते.

ओल टिकायची, हे खरं. पण दिसायचं काय, तर उकिरडा. भावकीतले लोक बांधावरून जाता जाता विचारायचे, "काय वहिनी, यंदा कचऱ्याचं पीक घेतलं का?" मी हसण्यावारी न्यायची आणि आतून जळायची. तरी त्या तुकड्यावर माझा जीव होता. बारावी शिकलेली मी, मोडकंतोडकं इंग्रजी येतं, म्हणून बोलणं, मोजमाप सगळं माझ्याकडे. या घरात आल्यापासून पहिल्यांदा एका रानावर माझा शब्द चालत होता. आता तिकडची माणसं पाहणीला येणार होती. त्यांना पटलं तर काम पुढं चालणार, नाहीतर तो तुकडा पुन्हा दिरांच्या नांगराखाली जाणार.

आदल्या दिवशी मी शहरातल्या द्वारका चौकातून पाहुण्यांसाठी बर्फी घेऊन आले. बघते तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारच्या बायकांना घेऊन त्या तुकड्यात वाकलेल्या. निम्मा पाला गोळा करून झालेला. मला बघून म्हणाल्या, "परदेशातून मानसं येनार आन् त्यांना ही घान दाखवायची का? म्हनतील, या घरात बाया हायेत का नाय."

गुडघ्यांनी बेजार झालेली बाई, बसत बसत झाडत होती. मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. नियम मला तोंडपाठ होते. पण खरं सांगते, ती साफ झालेली माती बघून मला बरंच वाटलं. चला, एकदाचं रानासारखं रान दिसतंय. थोडा पाला राहू द्या, एवढं पुटपुटले आणि चहा टाकायला गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सकाळी गाडी आली तेव्हा बांधाजवळ रांगोळी होती आणि रांगोळीमागे पाल्याच्या ढिगातून धूर निघत होता. बायकांनी तो पेटवलाही होता. पाहुण्या बाई उतरल्या, उंच, उन्हानं लाल झालेल्या. टोपी काढून त्यांनी माझ्याकडे दिली आणि उघड्या मातीवर हात टेकला. मग धुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सोबत आलेल्या, कार्यक्रमाचं इकडचं काम बघणाऱ्या साहेबांनी दातओठ खात विचारलं, "हे कोणी केलं?"

"आमच्या आत्याबाईंनी," मी म्हणाले. बघा, जीभ कशी झटकन वळली. स्वतःचं नाव काही तोंडात आलं नाही.

आत्याबाईंना काय ते कळलं. पदर सारखा करत त्या पुढं आल्या, आणि सत्तरीच्या त्या बाईनं पाहुणीसमोर दोन्ही हातांनी आपले कान धरले. पाहुणीला वाटलं, ही इथली रीत असावी. तिनंही हसून आपले कान धरले. कुणीतरी फोटो काढला. याचा अर्थ काय, असं तिनं मला विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडे पाहुण्यांचा असाच मान करतात. एवढं धडधडीत खोटं मी उभ्या जन्मात बोलले नव्हते. लाजेनं माझी कानशिलं तापली होती, पण तोंडातून खरं निघेना.

काम दुसऱ्या गावात गेलं. रान दिरांनी नांगरलं. त्या दिवसाबद्दल घरात कुणी काही बोललं नाही, आत्याबाई तर नाहीच.

परवा त्या कार्यक्रमाचं पुस्तक टपालानं आलं, गुळगुळीत कागदाचं, आणि आत तो फोटो. आत्याबाईंनी चष्मा लावून तो निरखला. खाली काय लिहिलंय म्हणून विचारलं. छापलं होतं, शेतकरी महिलेकडून पारंपरिक स्वागत. मला ते वाचवेना. म्हटलं, "तुम्ही माफी मागितली, असं लिहिलंय."

"आन् तिनं कशासाठी कान धरले? तिची काय चूक?"

त्यांनी फोटोवरून सावकाश बोट फिरवलं आणि माझ्यावर आणून थांबवलं. मागं उभी होते मी, पाहुणीची टोपी दोन्ही हातांत धरून.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तुझे हात गुतलेले व्हते."